बुडितानंतरच्या वसाहती आणि मौखिक इतिहास

बडोदे हे दफ्तरांचे शहर आहे. संस्थानी अमदानीत हुजूर कचेरीपासून गावच्या चावडीपर्यंत जे जे घडे त्याची नोंद ठेवण्याची शिस्त येथे खोलवर मुरली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत याच दरबारच्या चाकरीत होते, आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या प्राच्यविद्यामंदिराने पुढे वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे अवाढव्य कार्य शिरावर घेतले. असे असूनही, या शहरापासून फार तर दीड-दोन तासांच्या वाटेवर, डभोई, वाघोडिया, संखेडा, नसवाडी या भागांत, नर्मदेच्या बुडितातून उठून आलेल्या हजारो माणसांनी जो नवा संसार मांडला, त्याची सलग हकीकत कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. त्यांच्या जमिनीचे क्षेत्र सापडते, खातेदाराचे नाव सापडते, भरपाईच्या हप्त्यांच्या तारखा सापडतात. परंतु परक्या मुलखात, परक्या भाषेत, परक्या मातीत पहिला नांगर घालताना त्या माणसांना काय वाटले, पहिल्या पावसात काय झाले, कोणी हात दिला आणि कोणी बांध अडविला, हे केवळ त्यांच्या तोंडीच शिल्लक आहे. रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेल्या ज्या अलकापुरीत मी राहतो, तेथे जुने बंगले पाडून ज्या इमारती उभ्या राहतात त्यांवर राबणारे मजूर पुष्कळदा पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यातून आलेले असतात, आणि त्यांत अधूनमधून असा एखादा भेटतो की ज्याच्या बापाचे गाव आज जलाशयाच्या तळाशी आहे. इतिहास इतक्या जवळ असताना तो टिपून ठेवण्याचे काय झाले आहे, आणि काय व्हावयाचे राहिले आहे, याचा हा आढावा.

प्रथम प्रश्नाची पूर्वपीठिका. केवडियास ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नर्मदेवरील धरणाची कोनशिला बसली. पाणीवाटपाच्या तंट्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि १९७९ च्या डिसेंबरात त्याचा अंतिम निवाडा बाहेर आला. त्या निवाड्याने असे ठरविले की, ज्या खातेदार कुटुंबाची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल त्यास किमान २ हेक्टर ओलिताची जमीन मिळावी, सज्ञान मुलास स्वतंत्र कुटुंब मानावे, आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांतील बाधितांची इच्छा असल्यास त्यांना गुजरातेत वसविण्याची व्यवस्था व्हावी. बुडिताच्या छायेत आलेली गावे तीन राज्यांत मिळून २४५ भरली. त्यांत गुजरातेतील १९, महाराष्ट्रातील ३३ आणि उरलेली मध्य प्रदेशातील. गुजरात सरकारने १९८७ मध्ये, मांगरोळच्या आर्च-वाहिनीसारख्या संस्थांच्या सततच्या पाठपुराव्यानंतर, हा हक्क भूमिहीन व अतिक्रमणदार यांनाही लागू केला. यामागोमाग वसाहती उभ्या राहू लागल्या. महाराष्ट्रातील बुडिताचे पहिले गाव मणिबेली. तेथील काही कुटुंबे तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यातील परवेट्यास येऊन राहिली, तर काहींनी 'डूबेंगे पर हटेंगे नहीं' म्हणत नदीकाठ सोडला नाही. एकाच गावाचे असे दोन भाग झाले, आणि या विभागणीचा परिणाम पुढील सर्व स्मृतिसंकलनावर झालेला आहे.

गुजरातेतील १९ गावांची माणसे एकगठ्ठा कोठेच गेली नाहीत. जेथे जमीन विकत मिळाली तेथे त्यांना नेले, आणि परिणामी ती शंभराहून अधिक वसाहतींत विखुरली गेली. सरकारने पाटीदारांकडून बाजारभावाने घेतलेली जमीन काही ठिकाणी उत्तम, तर काही ठिकाणी चौमासात पाणी साचणारी काळी निघाली. सुरुवातीची वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये निघाली, आणि उन्हाळ्यात त्या शेडमध्ये बसवत नसे, हे जवळजवळ प्रत्येक वसाहतीत ऐकू येते. डोंगरात ज्वारी, मका, तूर, महू, चारोळी, नदीची मासळी आणि गुरांना मोकळे रान असे. येथे कपाशी आली, रोख पैसा आला, आणि जळणासाठी कपाशीच्या पऱ्हाट्यांखेरीज काही उरले नाही. मुलांची शाळा जवळ आली, दवाखाना जवळ आला, सडक दारात आली. हे दोन्ही खरे आहे, आणि ज्याला या लोकांचा इतिहास लिहावयाचा आहे त्याने यांतील एकही बाजू गाळता कामा नये.

आता पाहू की आजवर कोणी काय टिपले. सरकारी बाजूचे दफ्तर अफाट आहे. पुनर्वसन यंत्रणेच्या याद्यांवर याद्या आहेत. महाराष्ट्र शासनासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पुनर्वसनावर देखरेखीचे अहवाल लिहिले. जागतिक बँकेने, आपण १९८५ मध्ये दिलेल्या कर्जाचे काय झाले हे पाहण्यासाठी नेमलेल्या ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या समितीने १९९२ मध्ये आपला अहवाल दिला, आणि पुढील वर्षी बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. अमिता बाविस्कर यांनी १९९५ मध्ये भिलाला गावातील दीर्घ वास्तव्यावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वामीनाथन अय्यर आणि नीरज कौशल यांनी गुजरातेतील पुनर्वसितांची पाहणी केली, तेव्हा मालमत्ता व सोयीसुविधा यांच्या हिशेबात ही कुटुंबे डोंगरात मागे राहिलेल्यांपेक्षा पुढे गेलेली आढळली, परंतु त्यांतील निम्म्याहून अधिकांनी संधी मिळाल्यास आपल्या मूळ ठिकाणी परतावे अशी इच्छा सांगितली. माझ्या दृष्टीने या संपूर्ण वाङ्मयातील सर्वांत बोलका निष्कर्ष हाच आहे. कारण ज्याच्या दारी मोटारसायकल आहे त्याला परत जावेसे का वाटते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रश्नावलीतील चौकटीत बसत नाही, त्यासाठी त्याच्यासमोर बसून त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे लागते.

असे थांबून ऐकण्याचे सर्वांत मोठे काम नंदिनी ओझा यांनी केले. धरणविरोधी आंदोलनात अनेक वर्षे पूर्णवेळ काम केल्यानंतर त्यांनी ऐंशीच्या आसपास व्यक्तींच्या शेकडो तासांच्या मुलाखती, निरनिराळ्या भाषांत व बोलींत, ध्वनिमुद्रित केल्या. केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे या दोन आदिवासी नेत्यांच्या कथनावर आधारलेले त्यांचे 'लढा नर्मदेचा' हे पुस्तक २०१७ मध्ये राजहंस प्रकाशनाने मराठीत काढले. ज्यांच्या नावाने इतरांनी लिहिले, त्यांना स्वतःच्या तोंडून बोलू देणारे हे पुस्तक मराठी वाचकाच्या संग्रही असलेच पाहिजे. बडोद्यातच गणेश देवी यांनी १९९६ मध्ये उभारलेल्या 'भाषा' संस्थेने आणि तेजगढच्या आदिवासी अकादमीने राठवी, भिली इत्यादी बोलींतील कथा, गाणी आणि स्मृती यांना छापील रूप दिले. भगवानदास पटेल यांनी डुंगरी भिलांची महाभारतकथा ऐकून उतरवून घेतली. मराठीत या वाटेवर आधी चाललेलेही आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाला त्याच्या कामगारांच्या तोंडून बोलविले.

याउलट मुळशीचे उदाहरण पाहावे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला; त्यावर विनायकराव भुस्कुट्यांनी लिहिले, पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा साधार इतिहास सिद्ध केला, परंतु त्या शेतकऱ्यांची बुडितानंतरची वर्षे, म्हणजे ते कोठे गेले, कोणाच्या रानात राबले, त्यांच्या लेकीसुनांनी नवे बिऱ्हाड कसे थाटले, हे सांगणारे त्यांच्याच तोंडचे कथन आज मिळविणे अशक्य झाले आहे. नर्मदेच्या बाबतीत ते अजून शक्य आहे. १९९० मध्ये ज्याचे वय तिशीचे होते तो आज पासष्टीच्या घरात आहे.

या सर्व कामाकडे एकत्र पाहिले असता एक मोठी पोकळी मला दिसते, आणि ती दाखविणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे. छापील स्वरूपात जे आले आहे त्याचा भर लढ्यावर आहे. आणि तो असणे स्वाभाविकही आहे, कारण लढ्याला नाव, तारीख, नेता आणि घोषणा असते. पण ज्यांनी जमीन पत्करली, ट्रकमध्ये आपल्या घराचे वासे चढविले आणि सपाटीवर उतरून तीस-पस्तीस वर्षे निमूटपणे शेती केली, त्यांचे कथन दोन्ही बाजूंना अडचणीचे वाटत आले. आंदोलनाच्या दृष्टीने ते माघार घेणारे ठरले, सरकारच्या दृष्टीने ते यशाचा आकडा ठरले. माणूस म्हणून त्यांना कोणी पुरते विचारले नाही. परवेट्यास गेलेला भाऊ आणि मणिबेलीत राहिलेला भाऊ यांच्या दोन हकिकती शेजारीशेजारी ठेवल्यावाचून त्या गावाचा इतिहास पुरा होणार नाही, आणि त्या ठेवताना एकाला शूर व दुसऱ्याला भित्रा ठरविण्याचा मोह संपादकाने कटाक्षाने टाळला पाहिजे.

दुसरी पोकळी स्त्रियांची. निवाड्याने सज्ञान मुलाला कुटुंब मानले, सज्ञान मुलीला मानले नाही. परिणामी याद्यांतून, उताऱ्यांतून, सह्या-अंगठ्यांच्या कागदांतून बाई जवळजवळ अदृश्य झाली. वाघोडियाकडच्या एका वसाहतीत एका वृद्धेकडे बसण्याचा योग मला आला, तेव्हा मी तिला गाव कधी सोडले असे विचारले. तिला साल सांगता आले नाही, परंतु घराच्या मधल्या खांबाकडे बोट करून तिने सांगितले की तो डोंगरातल्या घरचाच साग आहे, तिच्या सासऱ्याने तोडलेला, आणि त्याच्या खालच्या अंगाला जी खाच आहे ती मुळात उखळाशेजारची आडवी काठी अडकविण्यासाठी पाडलेली होती. मग ती उठली आणि एकेका खांबाला हात लावीत कोणता आला, कोणता वाटेत ट्रकवर चिरला, कोणता पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षे पावसात पडून राहिल्याने वाळवीने खाल्ला आणि त्याच्या जागी बाजारातून कोणता आणला, हे सांगत गेली. बोलणे तिच्या बोलीत होते. जवळ बसलेला नातू ते गुजरातीत सांगत होता, आणि तिच्या लांबलचक बोलण्यानंतर त्याने दोन वाक्यांत आटोपते घेतले की, घर तिकडे मोठे होते, लाकूड चांगले होते. आजीने त्याच्याकडे रागाने पाहिले. खांबांचा तो हिशेब ध्वनिमुद्रणयंत्रावर उतरला म्हणून पुढे एका जाणत्याकडून शब्दशः समजून घेता आला. नातवाच्या दोन वाक्यांवर भिस्त ठेवली असती तर तो इतिहास तेथेच गेला असता.

यावरून पद्धतीचा प्रश्न उद्भवतो. पहिली गोष्ट, कथन बोलणाऱ्याच्या बोलीतच जतन व्हावे, आणि भाषांतर त्याच्या शेजारी बसावे, त्याच्या जागी नव्हे. पावरी, भिलोरी किंवा तडवी बोलणारा माणूस आपल्या बोलीत जे तपशील देतो ते गुजरातीत, मराठीत वा हिंदीत देताना साहेबाला समजेल तेवढेच ठेवतो. दुसरी गोष्ट कालगणनेची. वसाहतीतील वृद्ध माणूस वर्ष होळीवरून, पुरावरून, एखाद्या जनावराच्या मरणावरून मोजतो. त्याची तारीख चुकली म्हणजे त्याची साक्ष खोटी ठरली असे मानणे ही कचेरीची दृष्टी झाली. इटलीतील अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी येथील कामगार लुइजी त्रास्तुल्ली याच्या मृत्यूचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की तो १९४९ मध्ये मेला असताना पुष्कळ कामगार तो १९५३ च्या नोकरकपातीविरुद्धच्या संघर्षात मेला असे सांगत; ही चूक त्यांनी दुरुस्त करून फेकून दिली नाही, तर लोकांनी त्या मरणाला कोणत्या अन्यायाशी जोडून ठेवले याचा पुरावा म्हणून वाचली. तिसरी गोष्ट पाठभेदांची, आणि येथे बडोद्याला बाहेरून काही शिकण्याची गरज नाही. प्राच्यविद्यामंदिरातील पंडितांनी १९५१ पासून रामायणाच्या देशभरातील हस्तलिखितांची तुलना करून १९६० ते १९७५ या काळात सात कांडे प्रसिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेला प्रत्येक पाठही त्यांनी इमानाने नोंदविला. मणिबेलीच्या दोन भावांच्या कथनांना, एकाच घराच्या सासू-सुनांच्या कथनांना हाच न्याय लागू करावा: एक सुबक, सर्वमान्य गोष्ट तयार करण्याऐवजी भेद असतील तेथे भेद दिसू द्यावेत.

कचेरीसमोर दिलेली साक्ष आणि मौखिक इतिहास यांतील अंतर अमेरिकेच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. तेथे १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन मिळे, अट एवढीच की त्याने पाच वर्षे तेथे राहून ती कसावी. मुदत भरल्यावर त्याला साक्षीदारांसह हजर होऊन घर बांधले, विहीर खणली, इतके एकर नांगरले असे शपथेवर सांगावे लागे, आणि त्या जबान्यांचे गठ्ठे आजही तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ती अमूल्य साधने खरी. पण त्यांत माणूस अधिकाऱ्याने विचारले तेवढेच बोलतो, आणि ज्यांची ती भूमी मुळात होती त्यांना तर कोणी काही विचारलेच नाही. पुढे १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी मुलाखतींचे पद्धतशीर संकलन सुरू केले, तेही आधी बड्या लोकांपासून. सामान्य वसाहतकऱ्याकडे ध्वनिमुद्रणयंत्र पोहोचण्यास आणखी काळ गेला. आपल्याकडे पोंग धरणातून उठलेल्या हिमाचली कुटुंबांना राजस्थानच्या कालव्यावरील वाळवंटात जमिनी दिल्या गेल्या. थंड डोंगरातून वाळूत आलेल्या त्या लोकांची कथा हीदेखील अशीच टिपण्याजोगी आहे. आणि एक योगायोग असा की, ज्या नर्मदेने सातपुड्याच्या गावांना उठविले तिचेच पाणी २००८ पासून राजस्थानच्या जालोर-बाडमेरच्या रेताड मुलखात वाहते आहे. कालव्याच्या त्या टोकाला पाणी आल्याने कोणाचे आयुष्य कसे पालटले हेही पुढेमागे कोणी ऐकून ठेवील तर या इतिहासाची दोन्ही टोके हाती येतील.

केवडिया परिसरातील सहा गावांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. केवडिया, कोठी, वाघडिया, लिंबडी, नवागाम आणि गोरा येथील जमिनी धरणाच्या वसाहतीसाठी १९६१ च्या सुमारास घेतल्या गेल्या. लवादाचा निवाडा पुढे बुडितापुरता मर्यादित राहिल्याने ही माणसे त्याच्या व्याख्येबाहेर पडली, आणि आज जेथे १८२ मीटर उंचीचा पुतळा पाहण्यासाठी देशभरचे प्रवासी येतात त्याच्या आसपासच्या या लोकांचा दावा बराचसा त्यांच्या आठवणीवर उभा आहे. येथे मौखिक इतिहासाचे कार्य अत्यंत नाजूक आहे. बोलणारा माणूस ज्या गोष्टी सांगतो त्यांतील काही त्याच्याविरुद्ध वापरल्या जाऊ शकतात: कोणाच्या नावावर कोण कसतो, गायरानात कोणी घर बांधले, कोणाची मुलगी कोणाच्या हिश्शावर राहते. म्हणून संमती एकदा सही घेऊन संपत नाही. ध्वनिमुद्रण झाल्यावर त्याला ते ऐकवावे, काय बंद ठेवावयाचे ते त्याला ठरवू द्यावे, आणि एक प्रत त्याच्या घरी राहील अशी तजवीज करावी. मुलाखत घेणारा निघून जातो, बोलणाऱ्याला त्याच वसाहतीत राहावयाचे असते.

जतनाच्या यांत्रिक बाजूविषयी थोडक्यात एवढेच की, नव्वदीच्या दशकात कॅसेटवर भरलेले पुष्कळ साहित्य कार्यकर्त्यांच्या कपाटांतून पडून आहे, आपल्या दमट हवेत त्यांच्या फितींना बुरशी लागते, आणि ज्या यंत्रांवर त्या वाजवाव्यात ती यंत्रे दुरुस्त करणारेही कमी होत चालले आहेत. त्यांचे अंकीय रूपांतर तातडीने व्हावे. नव्या मुलाखती त्यानंतर घेतल्या तरी चालतील असे नव्हे, दोन्ही एकाच वेळी व्हावयास हवे, पण पहिल्या कामाला एका खोलीतील दोन माणसे पुरतील आणि ते रेंगाळण्यास काही सबब नाही.

यापुढचे मात्र बडोद्याच्या मराठी समाजाविषयी आहे. महाराष्ट्रातून आलेल्या विस्थापित कुटुंबांपाशी प्लास्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेले जुने कागद आहेत: धुळे जिल्ह्याच्या, म्हणजे नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा होण्यापूर्वीच्या काळातील नोटिसा, मतदारयादीतील उतारे, शाळेचे दाखले. अक्राणी-अक्कलकुव्याच्या परिसरातील पुष्कळ गावे दीर्घकाळ वनगावे राहिल्याने अनेकांकडे जमिनीचा उतारा नाही आणि असा एखादा कागद हाच त्यांच्या गावाशी असलेल्या नात्याचा उरलेला पुरावा आहे. हे कागद मराठीत आहेत. त्यांच्या नव्या जमिनीचे सात-बारा उतारे गुजरातीत आहेत. मुले गुजराती माध्यमात शिकली असल्याने घरात आजोबांची नोटीस वाचणारे कोणी उरलेले नाही, आणि पुनर्वसनाच्या कचेरीतही मराठी वाचणारा विरळा. दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणारा, मोडी-मराठी दफ्तरांची परंपरा सांगणारा मराठी समाज या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे; दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत तो पसरलेला आहे, मराठी वाङ्मय परिषद येथे आहे, २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच नगरीत भरले. सेवानिवृत्त शिक्षक, वकील, मामलेदार कचेरीत आयुष्य घालविलेले कारकून, महाराजा सयाजीराव विद्यापीठातील विद्यार्थी, यांनी या वसाहतींत जाऊन तो जुना कागद घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा, ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे, आणि कागदात जे लिहिले आहे ते घरातल्या थोरल्यांना मान्य आहे काय, कोणाचे नाव गळले, कोणते शेत लिहिलेच गेले नाही, बाईच्या माहेरची वाट कोणत्या ओढ्यावरून होती, हे त्यांना विचारीत जावे. कागद वाचला गेला की बोलणे आपोआप सुरू होते, असा माझा अनुभव आहे. आणि उन्हाळ्यात, शेतीची कामे उरकलेली असताना, दुपारनंतरची वेळ त्यासाठी सोयीची पडते.